उसन्या आडनावाचे घरमालक

जपानमधल्या सेंदाई शहरात मी खोली शोधत होतो, तेव्हा दोन-तीन घरमालकांनी मला इतक्या नम्रपणे नकार दिला की जिना उतरून खाली येईपर्यंत तो नकार आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. जामीन कोण राहणार, स्वयंपाकाचा वास येईल का, रात्री पाहुणे येतील का, हे प्रश्न मला पाठ झाले होते. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या मित्राने सुचवलेल्या त्या म्हाताऱ्या जर्मन गृहस्थांनी दारातच मला आडनाव विचारलं, तेव्हा मी ते सांगून लगेच जामिनाचे कागद पुढे केले. त्यांनी कागदांकडे पाहिलंही नाही.

"शेवटी 'कर' आहे. त्या 'कर'चा अर्थ काय?"

"त्या गावचा. आधी गावाचं नाव आणि मग कर."

"मग गाव कुठे आहे?"

"कोकणात. म्हणजे... कोकणात कुठेतरी."

"कुठेतरी!" ते म्हणाले. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, पांढऱ्या भुवया अशा वाढलेल्या की डोळ्यांवर छपरासारख्या आल्या होत्या. "तुझ्या पूर्वजांनी नावातच पत्ता लिहून ठेवलाय आणि तू मला कुठेतरी म्हणून सांगतोस. खोली वर आहे. बूट इथे काढ."

अशी मला खोली मिळाली.

तिथल्या विद्यापीठात त्यांनी पुष्कळ वर्षं जर्मन शिकवलं होतं. निवृत्त झाले तरी गल्लीतला भाजीवालासुद्धा त्यांना 'सेन्सेई', म्हणजे मास्तर, म्हणूनच हाक मारायचा. मीही तेच म्हणू लागलो. त्यांच्या पत्नी जपानी. जपानीत दुसऱ्याच्या बायकोला आदराने 'ओकुसान' म्हणतात. मीही त्यांना तेवढंच म्हणायचो. दारावरची पाटी त्यांच्या माहेरच्या आडनावाची होती: सातो. लग्नानंतरही त्यांनी नाव बदललं नव्हतं आणि मुलीचं आडनावही सातोच होतं. ही मुलगी जर्मनीत राहायची. सेन्सेईंचं स्वतःचं आडनाव मला त्यांच्या टपालावरून कळलं: म्युलर. म्हणजे गिरणीवाला.

त्यांच्या बैठकीच्या खोलीला कागदाची सरकती दारं होती. त्या दोन दारांवर त्यांनी रंगीत पेन्सिलींनी जर्मनीचा नकाशा काढला होता, डाव्या दारावर पश्चिम आणि उजव्यावर पूर्व. शहरं जवळजवळ नव्हतीच, नद्या बेताच्या होत्या, बाकी सगळीकडे आडनावं. दार सरकवलं की अख्खी पूर्व बाजू पश्चिमेच्या मागे जाऊन उभी राहायची. वर्षअखेरीच्या साफसफाईत सगळी गल्ली दारांचे कागद बदलायची. ओकुसान मात्र या दोन दारांवरून नुसतं कोरडं फडकं फिरवायच्या, तेही नावं पुसली जाणार नाहीत इतक्या हलक्या हाताने.

संध्याकाळी मी सायकल लावून आत आलो की ते हाक मारायचे. "आज श्मिट," असं म्हणायचे, जणू श्मिट नावाचा कुणी पाहुणा जेवायला यायचा आहे. मग सांगायचे. श्मिट म्हणजे लोहार. पण शेवटी डी आणि टी लिहिणारा श्मिट उत्तरेकडचा किंवा मधल्या मुलखातला, दोन टी लिहिणारा ऱ्हाइन नदीच्या आसपासचा, आणि नुसत्या डीवर भागवणारा दक्षिणेचा, पार स्वित्झर्लंडला टेकलेला. मायर म्हणजे जमीनदाराचा कारभारी. उत्तरेत तो पोटात वाय घालून लिहितात, दक्षिणेत आय, आणि बव्हेरियात काहीजण मधला ई खाऊनच टाकतात. गाड्या आणि चाकं करणारा सुतार दक्षिणेत वाग्नर झाला, वायव्येला राडेमाखर झाला, ईशान्येला श्टेलमाखर.

"काम तेच, चाक तेच," ते म्हणायचे. "फक्त जीभ वेगळी. माणूस कपडे बदलतो, धर्म बदलतो, पण पणजोबाची जीभ त्याच्या आडनावात तशीच राहते."

जपानी लिपीत सगळे मायर एकसारखेच लिहिले जातात याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. "विमानतळावर उतरला की बिचाऱ्याचं गाव पुसलं," असं म्हणून ते खरोखरच मान हलवायचे. ओकुसान आतून म्हणायच्या, "मायर-सानना काही वाटत नसेल हो. चहा घ्या."

टीव्हीवर जर्मनीची फुटबॉलची मॅच असली की ते पुढे सरकून बसायचे, पण चेंडूकडे त्यांचं लक्ष नसायचं. खेळाडूंच्या पाठीवरची नावं वाचायचे. "हा समुद्रकाठचा. हा डोंगरातला, याच्या घरी शेळ्या असणार." एकदा एका तुर्की वळणाच्या आडनावाच्या पोराने गोल केला आणि मी त्यांना चिडवायला विचारलं, "सेन्सेई, याचं गाव दारावर कुठे?" ते म्हणाले, "अजून नाही. पण याच्या पणतूच्या काळात हेही जर्मन आडनाव असेल, आणि कुणीतरी वेडा त्याचाही नकाशा काढील. म्हणून दाराच्या कडेला जागा ठेवलीय मी." खरोखरच ठेवली होती.

आमच्या विभागात म्युनिकहून एक पाहुणे प्राध्यापक आले होते. आडनाव श्र्योडर. चांगले गप्पिष्ट गृहस्थ होते. मी हौसेने त्यांना सेन्सेईंकडे चहाला नेलं. हात मिळवतानाच सेन्सेई म्हणाले, "उत्तरेकडची सपाट जमीन. वारा फार. पूर्वज शिंपी."

"मी म्युनिकचा आहे," प्राध्यापक हसून म्हणाले.

"तुम्ही असाल. तुमचे आजोबा नसणार."

प्राध्यापक हसायचे थांबले. मग म्हणाले की आजोबा युद्धानंतर दक्षिणेत आले, कुठून आले ते कधी बोलले नाहीत, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. त्यानंतर दोघं तासभर जर्मनमध्ये बोलत राहिले आणि मी ओकुसानना वाटाणे सोलायला मदत केली. परत जाताना प्राध्यापक माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आले. बस आली तेव्हा म्हणाले, "तुमच्या सेन्सेईंचं स्वतःचं गाव कुठलं?"

मला माहीत नव्हतं. म्युलर हे नाव त्या दारांवर कुठेच नव्हतं. मी एकदा तसं विचारलंही होतं. ते म्हणाले होते, "कुठे लिहू? प्रत्येक गावात गिरणी होती. आमच्याकडे सगळ्यांत जास्त हेच नाव. आणि माझं तर उसनं आहे." मला वाटलं, विनोद करतायत.

माझ्या गावाचा पाठपुरावा मात्र त्यांनी सोडला नाही. सुट्टीत पुण्याला आलो तेव्हा मी वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "रत्नागिरीकडे कुठेतरी." शेवटी एका चुलतकाकांनी तालुक्याचं नाव सांगितलं आणि मी एकटाच एसटीने गेलो. गाव सापडलं. चिऱ्याचं देऊळ, उतरणीवर सुपारीची बाग, खाली खाडी. पण आमच्या आडनावाचं एकही घर तिथे नव्हतं. देवळात बसलेले एक आजोबा माझ्याकडे बघून हसायला लागले. "इथे कसं असेल ते नाव? इथे राहणाऱ्याला 'इथला' असं कोण म्हणतं? जे गाव सोडून गेले, त्यांना बाहेरच्यांनी 'कर' लावला."

हे ऐकून सेन्सेईंनी मांडीवर थाप मारली. त्यांच्याकडेही अगदी असंच होतं. हेस, श्वाब, ब्योम अशी प्रांतांवरून पडलेली नावं त्या त्या प्रांतांच्या बाहेरच जास्त सापडतात. बोहेमियात सगळेच बोहेमियाचे, तिथे कोण कुणाला ब्योम म्हणणार? "बघ, आडनाव हे माणूस कुठला आहे ते सांगत नाही," ते म्हणाले, "तो कुठून निघाला ते सांगतं." आणि एवढं बोलून, इतका आवडीचा विषय असताना, ते उजव्या दाराकडे बघत बसले. मग उठून बागेत गेले. घरामागे त्यांनी हातभर जमिनीत बटाटे लावले होते आणि काही मनासारखं झालं नाही की ते तिथे जाऊन बसायचे.

ते उसनं नाव म्हणजे काय, हे मला पुढच्या शरदात कळलं. त्या दिवसांत सेंदाईची माणसं हिरोसे नदीच्या काठावर दगडांच्या चुली मांडून मोठ्या पातेल्यात अळकुड्यांचा रस्सा शिजवतात. सेंदाईत त्यात डुकराचं मांस आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा, घालतात. पश्चिमेचा डोंगर ओलांडला की यामागातात गोमांस आणि सोया सॉस. दोन्हीकडच्या लोकांना पलीकडचा रस्सा हा रस्सा वाटतच नाही. सेन्सेईंना हे भांडण फार प्रिय होतं. ते स्वतः मात्र सगळ्यांची नजर चुकवून पातेल्यात बटाटे टाकायचे आणि गल्लीतल्या बायका पळीने ते शोधून शोधून बाहेर काढायच्या. माझ्यासाठी ओकुसान शेजारी एक छोटं पातेलं मांडायच्या, मांसाशिवाय. त्या वर्षी सेन्सेईंनी आपले बटाटे माझ्या पातेल्यात टाकले.

"आमच्या घरीही बटाट्याचा रस्सा असाच करतात," मी म्हणालो. "तुमच्या गावाला कसा करायचे?"

ते पळीने ढवळत राहिले. मग जपानीत बोलले. एरवी माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, पण ओकुसान शेजारी होत्या म्हणून असेल.

"युद्ध संपत आलं होतं. पूर्वेकडून सगळे पळत होते. गाडीने, पायी, जसं जमेल तसं. एका स्टेशनावर मी सापडलो. तीन वर्षांचा असेन. तेही दात बघून ठरवलं. अंगात एका बाईचा कोट होता, पायापर्यंत आलेला. खिशात काही नव्हतं."

"आणि नाव?"

"पहिलं नाव मला सांगता आलं. पुढे काय, म्हणून विचारलं तर मी 'आई' म्हणालो. अनाथाश्रमातल्या बाईंकडे अशी पुष्कळ पोरं होती. त्यांनी मला म्युलर केलं. चांगली बाई होती ती. कुणी शाळेत चिडवू नये, कुणी काही विचारू नये, म्हणून तिने मला सगळ्यांत सुरक्षित नाव दिलं. ज्यातून काहीच कळत नाही असं."

नदीच्या पाण्यावर ऊन होतं. शेजारच्या चुलीपाशी कुणीतरी मोठ्याने हसत होतं. मी विचारलं, "काहीच आठवत नाही?"

"एक शब्द आठवतो. बटाट्याचा. आश्रमात तो ऐकून सगळे हसले, म्हणून लक्षात राहिला. पूर्वेच्या एका पट्ट्यात तो बोलायचे. पट्टा म्हणजे तुझ्या कोकणाएवढा असेल. तिथे आता ती बोली बोलणारं कुणी राहत नाही."

"कोणता शब्द?"

"तो मी सांगत नाही. माझ्याजवळ तेवढाच आहे."

ओकुसाननी त्यांच्या हातातला वाडगा घेतला, भरला आणि परत दिला. त्यांनी ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी पातेली घासताना सेन्सेईंनी मला मुलीबद्दलही सांगितलं. ती शिकायला जर्मनीला निघाली तेव्हा तिने त्यांचं आडनाव मागितलं होतं. जपानी कायद्यात तशी सोय आहे. परदेशी वडिलांचं नाव मुलाला अर्ज करून घेता येतं. ती म्हणाली, तिकडे मी म्युलर म्हणून गेले तर बरं वाटेल. आणि यांनी तिला नकाशासमोर बसवून समजावलं की हे नाव घेऊ नकोस. हे माझं नाही, मी तुला काय देऊ? सातो घेऊन जा. सातो खरं आहे. तुझ्या आईची माणसं या मातीत पिढ्यान् पिढ्या आहेत.

"मला वाटलं, मी तिला खोट्यापासून वाचवतोय," ते म्हणाले. "तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कप विसळून ठेवला आणि वर जाऊन बॅग भरली. तीच तुझी खोली."

मुलगी नंतर तिथेच राहिली. एका इस्पितळात लोकांना पुन्हा चालायला शिकवण्याचं काम करायची. फोन यायचे, पण ते आईला. सेन्सेईंशी ती हवामानावर बोलायची.

मी तिला पाहिलं ते ओकुसान पडल्या तेव्हा. हिवाळ्यात गल्लीतला बर्फ गोठून काच होतो. कचरा ठेवायला गेलेल्या ओकुसान घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगी लगोलग आली. चाळिशी ओलांडलेली, वडिलांसारखी उंच, आईसारखी हळू बोलणारी. सेन्सेई जन्मभर सायकलवाले, त्यामुळे भाड्याच्या गाडीने मीच दोघांना इस्पितळात नेलं. शस्त्रक्रिया होईपर्यंत आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. सेन्सेई मांडीवर टोपी ठेवून ताठ बसले होते.

नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "सातो-सानच्या घरची मंडळी, आत येऊ शकता."

दोघं उठले. नर्सने मुलीकडे पाहून मान लववली आणि मग सेन्सेईंकडे पाहिलं. अगदी नम्रपणे, जसं इथे सगळेच विचारतात तसं, तिने विचारलं, "आणि आपण?"

त्या माणसाने जपानमध्ये आयुष्य काढलं होतं. विद्यार्थ्यांच्या जपानी चुकाही ते सुधारायचे. पण त्या क्षणी त्यांना शब्द मिळेना. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. "मी... म्युलर," ते म्हणाले.

"म्युलर-सान, आपण त्यांच्या ओळखीचे का?"

"हे माझे वडील," मुलगी म्हणाली. "आईचे यजमान."

नर्स बिचारी किती वेळा वाकली आणि किती वेळा माफी मागितली याला सुमार नाही. तिची काही चूक नव्हती. सेन्सेई तिला "असू दे, असू दे" म्हणत आत गेले. पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता. सगळ्यांना तुम्ही कुठले ते सांगणाऱ्या त्या माणसाला, स्वतःच्या बायकोच्या दाराशी, तू कोण म्हणून विचारलं गेलं होतं. आणि ती वेळ त्यांनी स्वतःच स्वतःवर आणली होती, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असावं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात मुगाची खिचडी टाकली. बापलेक टेबलाशी बसले होते. कुकरची शिट्टी व्हायची वाट पाहत मी ओट्यापाशी उभा होतो. बाहेर जावं का नाही, मला कळत नव्हतं.

"तू मागे एकदा नाव मागितलं होतंस," सेन्सेई म्हणाले.

"हो."

"अजूनही घेता येतं. कोर्टात अर्ज करावा लागेल, पण फार अवघड नाही म्हणतात. तुझी इच्छा असेल तर मी..."

ती मग म्हणाली, "बाबा, मी तिकडे इतकी वर्षं सातो आहे. घराच्या दारावर सातो आहे. माझे पेशंट मला फ्राउ सातो म्हणतात. विचारतात, हे नाव कुठलं? मी सांगते, जपानच्या उत्तरेकडचं, तिथे सातो फार. अगदी तुमच्यासारखी सांगते." ती जराशी हसली. "आता म्युलर झाले तर मला ओळखणार कोण?"

"खरं आहे," ते म्हणाले. "सातो चांगलं नाव आहे."

"तेव्हा हवं होतं मला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि नसल्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. "तेव्हा फार हवं होतं."

कुकरची शिट्टी झाली. मी वाढलं. सेन्सेईंनी खिचडी सगळी खाल्ली आणि मीठ बरोबर आहे म्हणाले. ओकुसान काठी घेऊन चालू लागेपर्यंत मुलगी राहिली. आईकडून रोज व्यायाम करून घ्यायची आणि दोघी हसायच्या. निघाली त्या सकाळी वारं होतं. दारात तिने वडिलांच्या कोटाचं वरचं बटण लावलं, कॉलर सारखी केली आणि टॅक्सीत बसली. ते बटण त्यांना गळ्याशी घट्ट होत असे, पण दिवसभर त्यांनी ते काढलं नाही.

त्यानंतर त्यांच्यात एक फरक पडला. नव्या माणसाला ते आडनाव विचारीनासे झाले. मी माझ्या विभागातल्या पोरांना त्यांच्याकडे घेऊन जायचो, मुद्दाम, तर ते "जेवलात का?" म्हणून विचारायचे आणि हवेबद्दल बोलायचे. मी आपण होऊन विषय काढायचो. "सेन्सेई, लोहारांचं काय होतं ते यांना सांगा ना." ते सांगायचे, दोन-चार वाक्यं. मग चष्मा पुसत म्हणायचे, "पूर्वी मला हे फार महत्त्वाचं वाटायचं."

माझं संशोधन संपलं, कावासाकीला नोकरी लागली, लग्न झालं. दर नवीन वर्षाला मी फोन करायचो. सेन्सेई विचारायचे, "गावाला जाऊन आलास का पुन्हा?" मी म्हणायचो, जाणार आहे. एका वसंतात फोन ओकुसाननी केला. थंडी सरता सरता सेन्सेईंना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत सगळं संपलं. मुलगी येऊन सगळं करून गेली होती. "तुम्हाला आधी कळवायला हवं होतं," त्या म्हणाल्या, "पण काही सुचलंच नाही."

पुढच्या शनिवारी मी सेंदाईला गेलो. घर तसंच होतं. देवघरापाशी त्यांचा टोपी घातलेला फोटो होता आणि त्याच्यासमोर बशीत उकडलेला बटाटा. ओकुसाननी चहा केला. काठी टेबलाला टेकवून त्या माझ्यासमोर बसल्या आणि माझ्या घरचं विचारू लागल्या. तुमची मुलगी काय बोलते, मराठी की जपानी? मी म्हणालो, मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते. त्या हसल्या.

"आणि तुमच्या बायकोने तुमचं नाव घेतलं का?"

"नाही. तिने तिचंच ठेवलं."

"तिला हवं होतं तसंच झालं ना?"

"हो, तिला तसंच हवं होतं."

"मग छान," त्या म्हणाल्या. कप हातात धरून फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला यांचं हवं होतं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही घोटाळा झाला.

"लग्न ठरलं तेव्हा मी कापडाच्या दुकानात होते. गिऱ्हाईक नसलं की गुंडाळायच्या कागदावर लिहून बघायची. म्युलर. आधी ते, मग माझं नाव. चांगलं दिसायचं. पण हे म्हणाले, तू सातोच राहा, सातो खरं आहे. मी बरं म्हटलं. पहिली काही वर्षं मला वाटायचं, हा माणूस एक दिवस परत जाणार, म्हणून नाव इथे ठेवत नाही. रोज संध्याकाळी सायकलची घंटा ऐकली की बरं वाटायचं. आज तरी आला."

"तुम्ही त्यांना कधी बोलला नाहीत?"

"मुलगी झाली. बागेत बटाटे लावले. मग हा काही जात नाही हे कळलं. आणि विचारायचं राहून गेलं." त्यांनी कप खाली ठेवला. "ते स्टेशन, तो आश्रम, ती बाई, हे सगळं ते मला सांगत राहायचे. नाव कुठून आलंय ते. मला त्याच्याशी काय करायचं होतं? मला ते त्यांच्याकडून हवं होतं, एवढंच."

बाहेर गल्लीतून कुणा बाईने फाटकापाशी येऊन हाक मारली, "सातो-सान, आहात का?"

"आहे, आले," म्हणत त्यांनी काठी उचलली, आणि टेबलाचा आधार घेत हळूहळू दाराकडे गेल्या.